मान्यता १९५० ची, दूतावास १९९२ चा

भारताने इस्रायलला मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० रोजी आणि त्या देशाशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले २९ जानेवारी १९९२ रोजी. या दोन तारखांमध्ये एक्केचाळीस वर्षांचे अंतर आहे. एखादे राष्ट्र अस्तित्वात आहे हे कबूल करायचे, परंतु त्याच्या राजधानीत आपला राजदूत पाठवायचा नाही, असा हा व्यवहार होता. जगाच्या राजनैतिक इतिहासात अशी उदाहरणे थोडी सापडतील.

हे असे का झाले, याचे एक तयार उत्तर आपल्याकडे वर्षानुवर्षे दिले जाते. काँग्रेसला मुसलमानांची मते हवी होती, म्हणून इस्रायलला दूर ठेवले, असे ते उत्तर आहे. व्याख्यानांतून, अग्रलेखांतून, प्रचारसभांतून ते इतक्या वेळा सांगितले गेले की आपल्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही ते खरे वाटू लागले आहे. देशाच्या परराष्ट्र धोरणाचे ओझे असे एका समाजाच्या खांद्यावर टाकले जाते आणि तो समाजही निमूटपणे ते वाहतो. म्हणून हा इतिहास तारीखवार तपासून पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते. मुस्लिम भावनांचा विचार कोणी केलाच नाही, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न एवढाच आहे की, एक्केचाळीस वर्षांचा हा दुरावा तेवढ्याने उलगडतो काय?

फाळणीच्या वर्षातली भूमिका

पॅलेस्टाईनविषयीची भारतीय भूमिका स्वातंत्र्याच्याही आधीची आहे. १९१७ च्या बाल्फोर घोषणेने ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासाला पाठिंबा दिला. तेथे बहुसंख्येने राहणाऱ्या अरबांना मात्र कोणी विचारले नव्हते. आपल्या देशाविषयीचे निर्णय लंडनमध्ये घेतले जाण्याचा अनुभव भारतीयांना चांगलाच होता. त्यामुळे राष्ट्रीय चळवळीने हा प्रश्न धर्माचा न मानता वसाहतवादाचा मानला. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये महात्मा गांधींनी या विषयावर लेख लिहिला. युरोपात ज्यूंचा जो छळ चालला होता त्याबद्दल त्यांनी मनापासून सहानुभूती व्यक्त केली. परंतु त्या सहानुभूतीपोटी अरबांवर अन्याय करता येणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. गांधीजी त्या वेळी कोणत्या मतदारसंघातून निवडणूक लढवीत होते, हे आजच्या टीकाकारांनी सांगावे.

१९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनसाठी अकरा देशांची एक समिती नेमली. तीवर भारतातर्फे लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. समितीत दोन तट पडले. सात देशांनी पॅलेस्टाईनची फाळणी सुचविली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी अरब व ज्यू या दोघांचे मिळून एक संघराज्य असावे, अशी योजना मांडली. हा अहवाल ऑगस्ट १९४७ च्या अखेरीस पुरा झाला. त्याच महिन्यात पंजाबात काय चालले होते ते वाचकांना सांगायला नको. धर्माच्या पायावर देश तोडण्याची किंमत जो देश त्या क्षणी मोजत होता, तो दुसऱ्याच्या देशाची तशीच वाटणी व्हावी म्हणून हात कसा वर करणार? २९ नोव्हेंबर १९४७ रोजी महासभेत फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. त्या १३ मतांत भारताचे मत होते. मे १९४९ मध्ये इस्रायलला संयुक्त राष्ट्रांचे सभासदत्व देण्यासही भारताने विरोध केला.

तथापि राष्ट्र निर्माण झाले होते आणि ते टिकून होते. मुस्लिमबहुल तुर्कस्तानाने १९४९ मध्ये मान्यता दिली. १९५० मध्ये इराणनेही व्यवहारापुरती मान्यता दिली. त्यानंतर नेहरूंच्या सरकारने मान्यता दिली. याआधीच ती द्यायला हवी होती, पण अरब मित्रांच्या भावना दुखवायच्या नव्हत्या, अशा आशयाचा खुलासा नेहरूंनी केला.

दिल्लीत नकार, मुंबईत परवानगी

१९५२ मध्ये इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे वरिष्ठ अधिकारी वॉल्टर एटन दिल्लीला येऊन नेहरूंना भेटले. दूतावास उघडण्याची बोलणी बरीच पुढे गेली होती, परंतु तो उघडला नाही. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी विरोध केला म्हणून हे फिसकटले, असे अनेक अभ्यासकांनी लिहिले आहे. मौलानांचा विरोध होता हे मान्य करू. अरब राष्ट्रांशी वितुष्ट आले तर काश्मीरच्या प्रश्नावर पाकिस्तानला आयते मित्र मिळतील, ही त्यामागची चिंता होती आणि ती देशाचीच चिंता होती. शिवाय मौलानांचे निधन २२ फेब्रुवारी १९५८ रोजी झाले. त्यानंतर दूतावास उघडायला आणखी चौतीस वर्षे लागली. एका माणसाच्या विरोधावर सारा हवाला टाकणाऱ्यांनी या चौतीस वर्षांचा हिशेब कधी दिलेला नाही.

राजधानीत नकार असला तरी मुंबईत मात्र इस्रायलला १९५३ मध्ये वाणिज्य दूतावास उघडू दिला गेला. पुढची जवळजवळ चार दशके भारतातले इस्रायलचे अधिकृत दार हे एवढेच होते. ते मुंबईत असण्याला कारण होते. बेने इस्रायल समाजाची वस्ती मुंबईत आणि पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात होती. या वाणिज्य दूतावासाचे मोठे काम स्थलांतर करणाऱ्यांना प्रवासाचे कागद देणे हेच होते.

या समाजाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण तो आपला सख्खा शेजारी होता. आपले पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे ते परंपरेने सांगत. तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावे रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आणि घरातली भाषा मराठी. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शालोम बापूजी इस्राएल हे बेने इस्रायल गृहस्थ कारभारी होते. मुंबईत सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. ते लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत आणि मस्जिद बंदरचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ज्यू आणि मुसलमान यांचे वैर जन्मजात असते, असे मानणाऱ्यांनी रायगड जिल्ह्यातली ही गावे एकदा पाहून यावीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात पंचवीस हजारांच्या आसपास ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते. धर्मश्रद्धा आणि चांगल्या जीवनाची आशा त्यांना घेऊन गेली. तिकडे मात्र सगळेच सुखाचे नव्हते. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी भेदभावाची तक्रार करीत धरणे धरले व आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. त्यांतले काही खरोखरच परत आले. पुढे तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेऊन विवाहात अडथळे आणले. त्याविरुद्ध त्यांना मोठे आंदोलन करावे लागले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्व बाबतीत समान ज्यू आहेत असा निर्वाळा दिला. याच माणसांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. दोन सरकारांमध्ये राजदूत नव्हते, त्या काळातही मराठी भाषा तेथे नांदत होती.

अरबांची मैत्री आणि तिचा हिशेब

१९५५ च्या बांडुंग परिषदेला इस्रायलला बोलावणे नव्हते. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सला साथ देऊन इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा नेहरू नासरच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर गाझा पट्टीत संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली आणि तीत भारतीय जवान होते. जून १९६७ च्या युद्धात इस्रायली माऱ्यात त्यांतले काही ठार झाले. दिल्लीतला संताप त्यावेळी स्वाभाविक होता. त्याच युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, गाझा, पूर्व जेरुसलेम, सिनाई आणि गोलान व्यापले. सोव्हिएत युनियनने इस्रायलशी संबंध तोडले. शीतयुद्धात भारत मॉस्कोच्या जवळ सरकत होता आणि त्यामुळे दिल्लीचे दार अधिकच घट्ट बंद झाले.

या काळात पडद्याआड थोडी देवाणघेवाण चालूच होती. १९६२ च्या चीन युद्धात आणि पुन्हा १९७१ मध्ये इस्रायलकडून काही शस्त्रसामग्री भारताला मिळाली. उलट अरब मैत्रीची फळे नेहमीच गोड निघाली असेही नाही. सप्टेंबर १९६९ मध्ये रबात येथे इस्लामी राष्ट्रांची शिखर परिषद भरली. फखरुद्दीन अली अहमद यांच्या नेतृत्वाखाली भारताचे शिष्टमंडळ तेथे गेले. पाकिस्तानच्या हट्टामुळे त्याला परिषदेबाहेर ठेवण्यात आले. या अपमानावर विरोधकांनी बोट ठेवले, ते चुकीचे नव्हते. ज्यांच्यासाठी आपण इस्रायलला दूर ठेवतो ते आपल्यासाठी काय करतात, हा प्रश्न रास्त होता. मात्र सरकारने मार्ग बदलला नाही. १९७३ नंतर तेलाचे महत्त्व वाढले. आखातात भारतीयांच्या नोकऱ्या वाढल्या आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांत कुवेत-दुबईचे मनिऑर्डर-ड्राफ्ट येऊ लागले. १९७४ मध्ये पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला मान्यता देणारा भारत हा पहिला बिगरअरब देश ठरला. १९८० मध्ये तिच्या दिल्लीतील कार्यालयाला पूर्ण राजनैतिक दर्जा मिळाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये भारताने पॅलेस्टाईन राष्ट्रालाच मान्यता दिली.

आता १९७७ कडे वळू. काँग्रेसचा पराभव होऊन जनता पक्षाचे सरकार आले. पंतप्रधान मोरारजी देसाई होते आणि परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी. वाजपेयी ज्या जनसंघातून आले होते त्याने इस्रायलशी संबंधांची मागणी सातत्याने केली होती. ऑगस्ट १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणे दिल्लीला येऊन या दोघांनाही भेटले. दायान रिकाम्या हाताने परतले. व्यापलेला अरब प्रदेश सोडल्याशिवाय संबंध नाहीत, ही भारताची भूमिका जनता सरकारनेही कायम ठेवली. मुसलमानांच्या मतांसाठी इस्रायलला दूर ठेवले असेल तर मोरारजी-वाजपेयींनीही ते त्याच मतांसाठी ठेवले असे म्हणावे लागेल. तसे म्हणणारा आम्हाला अजून भेटलेला नाही.

वस्तुतः ज्याच्या हाती सत्ता आली त्याला तीच गणिते दिसली. तेल, आखातातील माणसे, काश्मीरवरील मते, सोव्हिएत मैत्री आणि अलिप्त राष्ट्रांतील स्थान ही ती गणिते. मुस्लिम भावना त्या यादीत होत्या, पण बऱ्याच खाली.

१९८२ मध्ये तर मुंबईतील इस्रायली वाणिज्य दूताने एका साप्ताहिकाला मुलाखत देऊन भारताच्या अरब धोरणावर टीका केली म्हणून सरकारने त्याला देश सोडायला लावला.

१९९२ : दार उघडले ते कोणत्या हवेने

मग अवघ्या दीड वर्षात चित्र पालटले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला आणि अरब एकजुटीचे उरलेसुरले वस्त्रही फाटले. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तेथून परत आणावे लागले. कोकणातलीही कितीतरी घरे त्यात होती. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाची परकीय गंगाजळी आटली, सोने गहाण पडले. डिसेंबरात सोव्हिएत युनियन नाहीसे झाले. तत्पूर्वी ऑक्टोबर १९९१ मध्ये मॉस्कोने इस्रायलशी संबंध पुन्हा जोडले होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ३० ऑक्टोबर १९९१ रोजी माद्रिद येथे सीरिया, लेबनॉन, जॉर्डन आणि पॅलेस्टिनी प्रतिनिधी इस्रायलसमोर चर्चेला बसले. इजिप्तने तर १९७९ मध्येच तह केला होता. ज्यांच्यासाठी उपवास धरला तेच जेवायला बसले, तेव्हा आपण किती दिवस उपाशी राहायचे, असा विचार दिल्लीत झाला असल्यास नवल नाही.

पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी पावले जपून टाकली. १९७५ मध्ये झायोनिझमला वंशवाद ठरविणारा ठराव भारताच्या पाठिंब्याने झाला होता. १६ डिसेंबर १९९१ रोजी तो रद्द करण्याच्या बाजूने भारताने मत दिले. जानेवारीत यासर अराफत दिल्लीला आले. राजदूतांची देवाणघेवाण हा भारताचा सार्वभौम अधिकार आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २४ जानेवारीला चीनने इस्रायलशी संबंध जोडले. ३१ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेची शिखर बैठक होती आणि राव तेथे अमेरिकेच्या अध्यक्षांना भेटणार होते. त्याच्या दोन दिवस आधी परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांनी घोषणा केली. फेब्रुवारीत इस्रायलचा दूतावास दिल्लीत उघडला आणि मे महिन्यात भारताचा तेल अवीवमध्ये.

या घटनाक्रमात आपल्या समाजाची भूमिका कोठे दिसते? १९५० ते १९९२ या काळात धोरण ठरले तेव्हा मुसलमानांना कोणी विचारले नाही आणि ते बदलले तेव्हाही विचारले नाही. बदलाविरुद्ध देशभर आगडोंबही उसळला नाही. म्हणजे मुसलमान खवळतील म्हणून दार बंद होते, हे म्हणणे १९९२ सालानेच खोटे पाडले.

वचन आणि व्यवहार

संबंध जोडताना सरकारने एक युक्तिवाद केला होता, तो आजच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजूंशी बोलता येईल तोच देश शांततेला हातभार लावू शकतो, पॅलेस्टाईनचा पाठिंबा आम्ही सोडलेला नाही, असा तो युक्तिवाद. युक्तिवाद म्हणून तो बरोबर होता आणि आम्हालाही तो मान्य आहे. न बोलता अबोला धरून बसण्याने कोणत्याही पीडिताचे भले होत नाही. भारताने १९९६ मध्ये गाझात आपले प्रतिनिधी कार्यालय उघडले, ते पुढे रामल्ला येथे हलविले. जुलै २०१७ मध्ये नरेंद्र मोदी हे इस्रायलला जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान ठरले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते रामल्लालाही गेले.

व्यवहार मात्र एका बाजूला झपाट्याने वाढला. १९९२ मध्ये सुमारे वीस कोटी डॉलरचा असलेला व्यापार २०२२-२३ मध्ये एक हजार कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्यात हिऱ्यांचा वाटा मोठा आहे आणि शस्त्रे यात धरलेली नाहीत. कारगिलच्या वेळी १९९९ मध्ये इस्रायली सामग्री कामास आली. महाराष्ट्रात दापोलीला आंब्याचे, नागपूरला संत्र्याचे, राहुरीला डाळिंबाचे केंद्र इस्रायलच्या सहकार्याने उभे राहिले. ठिबक सिंचनाने ज्याची बाग वाचली त्या शेतकऱ्याने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हे नाकारण्याचे कारण नाही. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा नरिमन हाऊसमधील निरपराध ज्यूंनाही ठार मारण्यात आले. त्या मारेकऱ्यांना आपल्या कबरस्तानात जागा नाही, असे मुंबईच्या मुसलमानांनी ठणकावून सांगितले. कोणाचे रक्त सांडले हे पाहून दुःख करायचे नसते, ही शिकवण त्या निर्णयामागे होती.

तीच शिकवण गाझालाही लागू पडते. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, त्यांतली बहुतेक सामान्य नागरिक होती. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजदादीनुसार हजारोंच्या संख्येने पॅलेस्टिनी मेले. त्यांत बायका-मुले फार होती. महासभेत २७ ऑक्टोबर २०२३ रोजी युद्ध थांबविण्याच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ रोजी युद्धबंदीच्या बाजूने त्याने मत दिले. जून २०२५ मध्ये तो पुन्हा तटस्थ राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या जाहीरनाम्याच्या बाजूने उभा राहिला. १९४७ मध्ये जे मत स्पष्टपणे विरोधात पडले होते, ते आता असे हेलकावे घेते.

१९९२ मध्ये दूतावास उघडला याबद्दल आम्हाला खंत नाही. अबोला संपला हे चांगलेच झाले. दिवेकर आणि रोहेकरांच्या नातवंडांना अलिबागचे आजोळ पाहायला येता येते, हेही चांगले झाले. पण दोन्ही बाजूंशी बोलण्याची सोय ज्यासाठी करून घेतली, ते बोलणे ऐन गरजेच्या वेळी किती झाले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक भारतीयाला आहे. तो मुसलमानांनी विचारला की त्याला धर्माचा रंग दिला जातो. म्हणूनच हा इतिहास आपण नीट जाणून घेतला पाहिजे. आपल्याला कोणी असे म्हणालेच, तर १९३८ चा गांधींचा लेख, १९४७ चे मत आणि १९७७ मधली मोरारजी-वाजपेयींची भूमिका त्यांच्यापुढे ठेवावी. पॅलेस्टिनी जनतेला न्याय मिळावा ही मागणी या देशाने स्वतःच्या गुलामगिरीच्या अनुभवातून उचलली होती. आपण ती एक भारतीय नागरिक म्हणून करीत राहू.